ताप, खोकला, जुलाब, पुरळ : लहान मुलांचे संसर्गजन्य आजार घरी कसे ओळखावेत आणि कसे हाताळावेत

पहिली पाच वर्षे ही मुलाच्या शरीराची जंतूंशी ओळख होण्याची वर्षे असतात. या वयातल्या निरोगी मुलाला वर्षातून सहा ते आठ वेळा सर्दी होणे स्वाभाविक मानले जाते. प्रत्येक सर्दी सात ते दहा दिवस रेंगाळते हे लक्षात घेतले, तर पाळणाघरात नुकत्याच जाऊ लागलेल्या मुलाचे नाक महिनोन्‌महिने का वाहत असते, हे कोडे सुटते. अशा मुलाचे वजन वाढत असेल आणि दोन आजारांच्या मधल्या काळात ते हुंदडत असेल, तर त्याची प्रतिकारशक्ती कमी आहे असे मानून शक्तिवर्धक औषधांच्या बाटल्या आणण्याचे कारण नाही.

नवख्या आईवडिलांकडून बहुधा दोन परस्परविरुद्ध चुका होतात. मूल खेळते आहे, दूध पिते आहे, पण थर्मामीटर १०३ दाखवतो म्हणून मध्यरात्री घरभर धावपळ होते. आणि ताप जेमतेम आहे म्हणून, भरभर श्वास घेणाऱ्या व सकाळपासून काहीही न प्यायलेल्या मुलाला उद्यापर्यंत थांबवून ठेवले जाते. यातली दुसरी चूक जिवावर बेतू शकते. तापाच्या आकड्याला द्यावे तेवढेच महत्त्व द्यावे आणि मुलाचे पिणे, श्वास, जाग व लघवी या चार गोष्टी सतत पाहाव्यात, एवढे या लेखातून हाती लागले तरी पुरे. पुढच्या पायऱ्या याच दृष्टीने मांडल्या आहेत.

पहिली पायरी : आधी मूल पाहा

मूल आजारी वाटले की थर्मामीटर शोधण्याआधी दोन मिनिटे त्याच्याजवळ बसावे. हाक मारल्यावर ते नजरेला नजर देते का, आवडती वस्तू पुढे केल्यावर हात पुढे करते का, रडत असेल तर उचलून घेतल्यावर शांत होते का, हे पाहावे. तापात मूल मलूल असतेच. परंतु औषधाने ताप थोडा उतरल्यावर त्याने इकडेतिकडे पाहायला, बोलायला, निदान किरकिर करायला तरी लागले पाहिजे. ताप उतरूनही मूल निपचित पडून राहत असेल, खायला-प्यायला घालण्यासाठीही नीट जागे होत नसेल किंवा उचलून घेतल्यावर उलट अधिकच कळवळून रडत असेल, तर ते गंभीर आजाराचे चिन्ह असते.

त्यानंतर पिण्याकडे लक्ष द्यावे. जेवण कमी होणे ही आजारपणातली नेहमीची गोष्ट आहे आणि दोन दिवस अन्न कमी गेल्याने काही बिघडत नाही. पाणी किंवा दूध मात्र पोटात गेलेच पाहिजे. ते पुरेसे जाते आहे की नाही, हे लघवीवरून कळते. दिवसभरात किती वेळा लंगोट ओला झाला, याची नोंद ठेवावी. सहा ते आठ तास लघवी झाली नसेल किंवा झालेली लघवी गडद पिवळी असेल, तर शरीरातले पाणी कमी पडू लागले आहे असे समजावे.

जागतिक आरोग्य संघटनेने पाच वर्षांखालच्या मुलांसाठी जी सर्वसाधारण धोक्याची लक्षणे ठरवून दिली आहेत ती अशी : मूल पिऊ शकत नाही किंवा अंगावर दूध ओढू शकत नाही, पोटात गेलेले सर्व काही उलटून पडते, झटके येतात, मूल बेशुद्ध किंवा अतिशय सुस्त आहे. यांपैकी एक जरी लक्षण दिसले, तरी आजाराचे नाव शोधत न बसता तडक रुग्णालय गाठावे.

दुसरी पायरी : ताप मोजणे आणि औषधाचे माप

कपाळाला हात लावून ताप आहे की नाही याचा अंदाज येतो, किती आहे याचा येत नाही. साधा डिजिटल थर्मामीटर काखेत, त्वचेला चिकटून, हात शरीराशी घट्ट धरून आवाज येईपर्यंत ठेवावा. काखेतला आकडा शरीराच्या आतल्या तापमानापेक्षा साधारण अर्धा अंश सेल्सियसने कमी येतो. म्हणून काखेत ३७.५ अंश सेल्सियस, म्हणजे ९९.५ अंश फॅरनहाइट, किंवा त्याहून अधिक असेल तर ताप मानावा.

तीन महिन्यांखालच्या बाळाचा नियम मात्र वेगळा आहे आणि त्याला अपवाद नाही. या वयात ताप आला तर घरी औषध देऊन वाट पाहू नये, त्याच दिवशी, रात्र असेल तर रात्री, डॉक्टरांकडे न्यावे. इतक्या लहान बाळात रक्तातला किंवा मेंदूच्या आवरणाचा जंतुसंसर्ग बाहेरून फारसा दिसत नाही आणि तो झपाट्याने वाढतो. नवजात बाळाचे अंग तापण्याऐवजी गार पडणे, म्हणजे ३५.५ अंश सेल्सियसच्या खाली जाणे, हेही तितकेच गंभीर असते.

मोठ्या मुलाला ताप असूनही त्याचा त्रास होत नसेल, तर औषध देण्याची सक्ती नाही. पॅरासिटामॉलने आजार लवकर बरा होत नाही आणि तापातले झटकेही टळत नाहीत. त्याचा उपयोग अंगदुखी व बेचैनी कमी होऊन मुलाने दोन घोट प्यावे, थोडी झोप घ्यावी, यासाठी आहे. मात्रा वयावरून नव्हे, वजनावरून ठरते : प्रत्येक किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांमध्ये किमान चार ते सहा तासांचे अंतर आणि चोवीस तासांत चारपेक्षा अधिक मात्रा नाहीत.

याच ठिकाणी घराघरांतून होणारी एक चूक सविस्तर सांगितली पाहिजे. आठ किलोच्या बाळाला १५ मिलिग्रॅमच्या हिशेबाने १२० मिलिग्रॅम औषध लागते. हातातल्या सिरपच्या बाटलीवर ‘५ मिलीमध्ये १२० मिलिग्रॅम’ असे लिहिले असेल, तर बाळाला ५ मिली द्यावे लागेल. पण तेच औषध थेंबांच्या छोट्या बाटलीतही मिळते आणि त्यात बहुधा १ मिलीमध्येच १०० मिलिग्रॅम असते, तिथे १.२ मिली पुरते. मागच्या वेळी ५ मिली दिले होते एवढेच आठवून कुणी थेंबांच्या बाटलीतून ५ मिली पाजले, तर बाळाच्या पोटात ५०० मिलिग्रॅम, म्हणजे चौपटीहून जास्त औषध जाते आणि त्याचा मार यकृतावर बसतो. म्हणून प्रत्येक वेळी बाटलीवरचे प्रमाण वाचावे, बाटलीबरोबर आलेल्या सिरिंजने किंवा मापानेच औषध मोजावे आणि स्वयंपाकघरातला चमचा वापरू नये. सर्दीच्या अनेक मिश्र औषधांतही पॅरासिटामॉल असते. दोन्ही एकदम दिल्यास मात्रा नकळत दुप्पट होते.

आयब्युप्रोफेन हे ताप व वेदनेवरचे दुसरे औषध सहा महिन्यांखालच्या बाळाला देऊ नये. त्याहून मोठ्या मुलालाही जुलाब-उलट्यांनी पाणी कमी झालेले असताना, कांजिण्यांत आणि डेंग्यूची शंका असताना ते टाळावे. ॲस्पिरिन तर कोणत्याही तापात मुलांना स्वतःहून देऊच नये, कारण फ्लू व कांजिण्यांसारख्या आजारांत त्यामुळे रे सिंड्रोम नावाचा, मेंदू व यकृतावर आघात करणारा विकार होऊ शकतो.

अंग पुसायचेच असेल तर कोमट पाण्याने पुसावे. बर्फाच्या पाण्याने मूल कुडकुडते आणि कुडकुडण्याने शरीर आणखी उष्णता निर्माण करते. कपडे हलके ठेवावेत. तापलेल्या मुलाला गोधड्यांत गुंडाळून घाम काढणे हा उपाय नाही.

सहा महिने ते पाच वर्षे या वयात काही मुलांना तापात झटके येतात. हे दृश्य आईवडिलांचा थरकाप उडवणारे असते, पण बहुतेक झटके पाच मिनिटांच्या आत आपोआप थांबतात आणि मेंदूला त्यांनी इजा होत नाही. मुलाला जमिनीवर किंवा सपाट बिछान्यावर कुशीवर वळवावे, गळ्याजवळचा कपडा सैल करावा आणि घड्याळ पाहावे. तोंडात चमचा, बोट, पाणी, औषध यांतले काहीही घालू नये आणि हातपाय दाबून धरू नयेत. झटका पाच मिनिटांपेक्षा लांबला, पुन्हा आला किंवा तो थांबल्यावर मूल शुद्धीवर येत नसेल, तर रुग्णवाहिका बोलवावी. पहिल्यांदाच झटका आला असेल, तर तो थांबला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

तिसरी पायरी : श्वास मोजणे

खोकला असलेल्या प्रत्येक मुलाचा श्वास मोजावा. हे काम कुणालाही जमते आणि न्यूमोनिया वेळेत ओळखण्याची ती सर्वांत स्वस्त युक्ती आहे. मूल शांत असताना, शक्यतो झोपेत असताना, त्याचा सदरा वर करावा आणि सेकंदकाटा समोर ठेवून पोट किंवा छाती किती वेळा वर येते ते पूर्ण एक मिनिट मोजावे. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नये, कारण लहान मुलांचा श्वास मध्येच मंद आणि मध्येच जलद होत असतो. दोन महिन्यांखालच्या बाळात मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षे या वयात ४० किंवा अधिक श्वास असतील, तर तो जलद श्वास समजावा व मुलाला त्याच दिवशी दाखवावे. दोन महिन्यांखालच्या बाळात आकडा जास्त आला तर पुन्हा एकदा मोजून खात्री करून घ्यावी.

मोजतानाच बरगड्यांच्या खालच्या कडेकडे पाहावे. श्वास आत घेताना छाती फुगायला हवी. त्याऐवजी बरगड्यांखालचा भाग खळगा पडल्यासारखा आत ओढला जात असेल, नाकपुड्या फुलत असतील, मूल दर श्वासाला कण्हत असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर आकडा कितीही असो, थांबू नये.

साध्या सर्दीत मुलाला सर्वाधिक त्रास चोंदलेल्या नाकाचा होतो, कारण तान्हे बाळ तोंडाने श्वास घेत दूध ओढू शकत नाही. दूध पाजण्याच्या थोडे आधी दोन्ही नाकपुड्यांत सलाईनचे, म्हणजे नाकासाठी मिळणाऱ्या मिठाच्या पाण्याचे, एक-दोन थेंब टाकले, तर शेंबूड सैल होतो आणि बाळाला दूध ओढता येते. शेंबडाचा रंग पिवळा किंवा हिरवा झाला म्हणजे अँटिबायोटिक हवे, ही समजूत चुकीची आहे; विषाणूजन्य सर्दीतही तिसऱ्या-चौथ्या दिवशी रंग बदलतोच. खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो. एक वर्षावरील मुलाला झोपण्यापूर्वी अर्धा ते एक चमचा मध दिल्याने रात्रीचा खोकला कमी होतो, पण एक वर्षाखालच्या बाळाला मध चाटवूसुद्धा नये, कारण मधातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळे त्या वयात बॉट्युलिझम हा स्नायू लुळे करणारा आजार होऊ शकतो. दुकानातून परस्पर आणलेली खोकल्याची औषधे चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नयेत. त्यांचा फायदा सिद्ध झालेला नाही आणि गुंगी, धडधड यांसारखे अपाय मात्र होतात.

काही खोकले आवाजावरूनच ओळखू येतात. रात्री अचानक कुत्र्याच्या भुंकण्यासारखा खोकला आणि बसलेला घोगरा आवाज असेल, तर तो क्रूप, म्हणजे स्वरयंत्राच्या भागाची सूज असते. मूल शांत असतानाही श्वास आत घेताना कर्कश आवाज येत असेल तर तातडी समजावी. एका दमात खोकल्याची लांबलचक उबळ, चेहरा लालबुंद, शेवटी ‘हूप’ असा आवाज किंवा उलटी, हे डांग्या खोकल्याचे रूप आहे. अगदी तान्ह्या बाळात मात्र उबळ न येता श्वासच काही क्षण थांबतो. दोन वर्षांखालच्या, विशेषतः एक वर्षाखालच्या बाळाला सर्दीनंतर दोन-तीन दिवसांनी छातीत सूं-सूं आवाज येऊन धाप लागली, तर ती श्वासनलिकेच्या बारीक फांद्यांची सूज असते. हा त्रास तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वाधिक असतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशी ‘बरे आहे’ असे ऐकून आलेल्या पालकांनीही पुढचे दोन दिवस श्वास मोजत राहावे.

चौथी पायरी : जुलाब आणि उलट्या

जुलाबांत मूल दगावते ते जंतूमुळे कमी आणि शरीरातले पाणी व क्षार निघून गेल्यामुळे अधिक. त्यामुळे जुलाब थांबवण्याच्या मागे न लागता गेलेले पाणी भरून काढणे हाच उपचार आहे. १९७१ साली बांगलादेश मुक्तियुद्धाच्या वेळी निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ पसरली आणि शिरेतून द्यायचे सलाईन संपले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मीठ-पाण्याचे द्रावण पिंपांतून रुग्णांना पाजायला लावले आणि मृत्यूचे प्रमाण झपाट्याने खाली आणले. आज ओआरएसची जी पुडी मिळते, तिच्यामागे हा अनुभव आहे. ग्लुकोज आतड्याच्या पेशींत शिरताना सोडियमला बरोबर घेऊन जाते आणि त्यांच्या मागोमाग पाणी शोषले जाते. जुलाब चालू असतानाही ही वाट उघडी राहते.

पुडी घेताना तिच्यावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का ते पाहावे. तयार डब्यांतून मिळणारी काही गोड पेये नावाने ओआरएसशी साधर्म्य सांगतात, पण त्यांत साखर फार आणि क्षार थोडे असतात. हात साबणाने धुऊन, उकळून गार केलेले किंवा अन्य रीतीने शुद्ध केलेले एक लिटर पाणी मोजून घ्यावे आणि त्यात पूर्ण पुडी एकदम ओतून विरघळवावी. लहान पुड्याही मिळतात. तिथे पुडीवर लिहिलेलेच पाणी घ्यावे. अर्धी पुडी पेल्यात टाकून अंदाजाने पाणी घालणे हा सर्रास होणारा प्रकार धोक्याचा आहे, कारण दाट द्रावणाने रक्तातले सोडियम वाढते. चव सुधारण्यासाठी साखर, दूध किंवा सरबत मिसळू नये. तयार द्रावण झाकून ठेवावे आणि चोवीस तासांनी उरलेले फेकून द्यावे. पुडी हाताशी नसेल, तर ती मिळेपर्यंत एक लिटर शुद्ध पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, एवढ्यावर भागवता येते; मिठाचे माप इथे किंचितही वाढता कामा नये.

दर पातळ शीनंतर दोन वर्षांखालच्या मुलाला ५० ते १०० मिली आणि त्याहून मोठ्याला १०० ते २०० मिली द्रावण द्यावे. पाण्याच्या कमतरतेची चिन्हे आधीच दिसत असतील, म्हणजे डोळे खोल गेले आहेत, तोंड कोरडे आहे, मूल तहानेने घटाघटा पिते आहे, तान्ह्या बाळाची टाळू खोल गेली आहे, तर किलोमागे ७५ मिली या हिशेबाने चार तासांत द्रावण पाजावे लागते आणि ते डॉक्टरांच्या किंवा आरोग्यसेवकाच्या देखरेखीखाली होणे चांगले. पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर ती जागेवर जायला दोन सेकंदांहून अधिक वेळ लागत असेल आणि मूल पिण्याइतकेही जागे नसेल, तर त्याला शिरेतून सलाईनची गरज आहे.

‘पाजले की उलटी होते’ ही तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेक घरांत वाटी तोंडाला लावलेली असते. तहानलेले मूल वाटीभर द्रावण गटागटा पिते, ताणलेले पोट ते सगळे बाहेर फेकते आणि आईबाप हरतात. उलटीनंतर दहा मिनिटे थांबावे, मग घड्याळ लावून दर एक-दोन मिनिटांनी एकच चमचा द्यावा. या गतीने तासाभरात किमान दीडशे मिली द्रावण पोटात जाते. हे कंटाळवाणे काम आहे. घरात दोन माणसे असतील तर पाळ्या लावाव्यात.

स्तनपान क्षणभरही थांबवू नये. मोठ्या मुलाला त्याचे नेहमीचे मऊ अन्न थोडे थोडे, अधिक वेळा द्यावे. पोटाला विश्रांती म्हणून उपाशी ठेवल्याने आतडे भरून यायला उलट उशीर लागतो. जस्ताची गोळी, म्हणजे झिंक, सहा महिन्यांवरील मुलाला रोज २० मिलिग्रॅम व त्याखालच्या बाळाला १० मिलिग्रॅम, अशी १० ते १४ दिवस द्यायची असते. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी ती पूर्ण करावी. पुढच्या काही महिन्यांतले जुलाब त्यामुळे कमी होतात. आतड्याची हालचाल रोखून जुलाब बंद करणारी गोळी मुलांना देऊ नये. शीमध्ये रक्त असेल, उलटी हिरवी असेल, पोट फुगून कडक झाले असेल किंवा जुलाब चौदा दिवसांहून लांबले असतील, तर प्रकरण घरचे राहिलेले नाही.

पाचवी पायरी : अंगावरचे पुरळ वाचणे

पुरळ दिसले की सर्वांत आधी काचेची चाचणी करावी. पारदर्शक काचेचा पेला पुरळावर दाबून धरावा. दाबल्यावर ठिपके फिके पडत असतील तर सहसा घाई नसते; लाल-जांभळे ठिपके काचेतून जसेच्या तसे दिसत राहिले आणि मुलाला ताप असेल, तर रक्तात जंतू पसरल्याची शक्यता असते व तिथे मिनिटे मोलाची असतात. मान ताठ होणे, प्रकाश सहन न होणे, बाळाची टाळू फुगून वर येणे ही मेंदूज्वराची चिन्हेही त्याच तातडीची आहेत. सावळ्या त्वचेवर ठिपके चटकन दिसत नाहीत. अशा वेळी तळहात, तळपाय आणि पापण्यांची आतली बाजू पाहावी.

गोवरात पुरळाच्या आधी तीन-चार दिवस कडक ताप, खोकला, वाहते नाक आणि लाल डोळे असतात. मग कानामागे व चेहऱ्यावर पुरळ उठते आणि खाली पसरत जाते. पुरळ येण्याच्या चार दिवस आधीपासून चार दिवसांनंतरपर्यंत मूल संसर्ग पसरवते आणि विषाणू खोलीतल्या हवेत दोन तासांपर्यंत टिकतो. गोवर झालेल्या प्रत्येक मुलाला लागोपाठ दोन दिवस वयानुसार अ जीवनसत्त्वाची मोठी मात्रा द्यावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. डोळे व जीव दोन्ही त्याने वाचतात. ही मात्रा डॉक्टरांकडूनच घ्यावी. गोवर आपसूक निघून जातो असे म्हणून मूल घरात बसवून ठेवू नये, कारण न्यूमोनिया त्याच्या पाठोपाठ येऊ शकतो.

कांजिण्यांची खूण अशी की एकाच वेळी अंगावर लाल ठिपके, पाण्याने भरलेले फोड आणि खपल्या असे तिन्ही प्रकार दिसतात. नखे कापून टाकावीत, खाज कमी करणारे लोशन लावावे आणि सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत मुलाला घरी ठेवावे. घरात गरोदर स्त्री, नवजात बाळ किंवा कर्करोगासारख्या आजारावर उपचार घेणारी व्यक्ती असेल, तर त्यांच्याविषयी डॉक्टरांना लगेच सांगावे. हात-पाय-तोंड आजारात तोंडात वेदनादायक व्रण आणि तळहात-तळपायांवर लहान फोड येतात. तो आठवडा-दहा दिवसांत आपोआप बरा होतो, पण तोंड दुखते म्हणून मूल पिणे सोडते, तेव्हा थंड, आंबट नसलेले पातळ पदार्थ देत राहावे. तीन-चार दिवस कडक ताप, मग ताप एकदम उतरतो आणि नेमके तेव्हाच अंगभर गुलाबी पुरळ येते, हे रोझिओला या विषाणूजन्य आजाराचे वेळापत्रक आहे. पुरळ दिसेपर्यंत आजार संपलेला असतो.

सहावी पायरी : नुसताच ताप

सर्दी नाही, जुलाब नाही, पुरळ नाही आणि ताप मात्र तीन दिवस हटत नाही, असे असेल तर तपासणी हवी. लहान मुलांत, विशेषतः मुलींत, अशा तापामागे मूत्रमार्गाचा संसर्ग असू शकतो आणि मूल लहान असल्याने ते जळजळ सांगू शकत नाही. लघवीची तपासणी आवर्जून करवून घ्यावी. डासांच्या प्रदेशात मलेरिया व डेंग्यू, दूषित पाण्याच्या प्रदेशात टायफॉइड यांचा विचार करावा लागतो. डेंग्यूत फसवणारी गोष्ट अशी की, धोका ताप असताना कमी आणि तो उतरू लागतो तेव्हा, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवशी, अधिक असतो. ताप गेला म्हणून घर सुटकेचा श्वास सोडते आणि मुलाचे पोट दुखू लागते, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून रक्त येते, हातपाय गार पडतात. त्या दोन दिवसांत लक्ष अधिक ठेवावे.

कान दुखत असेल तर वेदनाशामक द्यावे आणि दाखवावे. दोन वर्षांवरील मुलाचा त्रास सौम्य असेल, तर डॉक्टर अँटिबायोटिकशिवाय दोन-तीन दिवस वाट पाहू शकतात आणि तो हलगर्जीपणा नसतो. उलट शाळकरी वयात खोकला नसताना घसा एकाएकी दुखू लागला, ताप आला आणि मानेत गाठी आल्या, तर ते स्ट्रेप्टोकॉकस या जिवाणूचे काम असू शकते. तिथे दिलेले अँटिबायोटिक दोन दिवसांत बरे वाटले तरी पूर्ण घ्यावे, कारण अर्धवट उपचारातून संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा खराब होऊ शकतात.

मुलांची अनेक अँटिबायोटिके भुकटीच्या रूपात येतात. बाटली उलटसुलट हलवून भुकटी मोकळी करावी, उकळून गार केलेले पाणी खुणेच्या थोडे खालपर्यंत घालून जोरात हलवावे, फेस बसू द्यावा आणि मगच खुणेपर्यंत पाणी पुरे करावे. फेसालाच पाणी समजून आधीच थांबले, तर औषध दाट होते. लिहिलेल्या मुदतीनंतर उरलेले औषध पुढच्या तापासाठी राखून ठेवू नये.

सातवी पायरी : टाळता येते ते टाळणे

घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, पोलिओ, गोवर आणि न्यूमोनिया व रोटाव्हायरस जुलाबांचे मोठे प्रमाण लसींनी टळते. देवीसारखा आजार लसीने जगातून हद्दपार झाल्याचे १९८० साली जाहीर झाले. आपल्या देशाच्या वेळापत्रकाप्रमाणे लसी घ्याव्यात. एखादी मात्रा चुकली तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, जिथे थांबलो तिथून पुढे चालावे. साधी सर्दी किंवा किंचित ताप हे लस पुढे ढकलण्याचे कारण नाही. टोचल्यानंतर एक-दोन दिवस ताप येणे आणि गोवराच्या लसीनंतर आठवडाभराने हलके पुरळ उठणे हे अपेक्षित असते.

पहिले सहा महिने केवळ आईचे दूध, शौचानंतर व बाळाला हाताळण्याआधी साबणाने वीस सेकंद हात धुणे, झाकलेले स्वच्छ पाणी, दिवसाही मच्छरदाणी आणि घरात धूम्रपान न करणे, हे उपाय कुणाला नवे नाहीत. हाताला लावायच्या जेलबद्दल एवढे सांगितले पाहिजे की, जुलाब-उलट्या घडवणाऱ्या नोरोव्हायरससारख्या विषाणूंवर ते फारसे चालत नाही. त्या आजारात साबण-पाणीच हवे. नवजात बाळाला पाहायला येणाऱ्या खोकणाऱ्या पाहुण्याला दारातून परत पाठवताना संकोच करू नये.

आजार ओसरल्यावर

शाळेत परत पाठवण्याचे हिशेब वेगवेगळे आहेत : शेवटच्या पातळ शीनंतर ४८ तास, गालगुंडात सूज आल्यापासून पाच दिवस, गोवरात पुरळ उठल्यापासून चार दिवस आणि स्ट्रेप्टोकॉकसच्या घशात अँटिबायोटिक सुरू केल्यापासून किमान २४ तास. जुलाबांनंतर दोन आठवडे रोज एक जादा जेवण दिले की गेलेले वजन भरून येते. हात-पाय-तोंड आजार बरा झाल्यावरही शीमधून विषाणू काही आठवडे बाहेर पडत राहतो, म्हणून लंगोट बदलल्यावर हात धुण्यात तेवढे दिवस ढिलाई नको. त्याच आजारानंतर महिनाभराने एखादे नख मुळापासून सुटून आले तर घाबरू नये आणि ते ओढूही नये. खाली नवे नख उगवत असते आणि ते वाढले की जुने आपोआप गळून पडते.